ड्राइव्ह गायब होतो की डिस्क? नव्या पीसीसाठी डीव्हीडी ड्राइव्ह घेण्याआधी

नवा पीसी जुळवून झाला, सगळं व्यवस्थित चाललंय, आणि मग एके दिवशी कपाटातून जुन्या सीडींचा डबा बाहेर निघतो. कॅबिनेटमध्ये ड्राइव्हला जागाच नसते, म्हणून दुकानातून एक्सटर्नल डीव्हीडी रायटर आणला जातो. सीडी आत टाकली की घुर्र, टक, पुन्हा घुर्र, आणि पाठोपाठ यूएसबी काढल्यावर विंडोज करतं तो आवाज. ड्राइव्ह यादीतून नाहीसा. पाच सेकंदांनी परत हजर, परत घुर्र. ओळखीपाळखीत पीसी जुळवून देताना मला हा प्रश्न इतक्या वेळा आला आहे, की सगळं एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. कारण प्रत्येक जण पुढे एकच गोष्ट करतो: ड्राइव्ह बदलून आणतो. आणि दुसरा ड्राइव्हही अगदी तसाच वागतो.

रत्नागिरीच्या मामांकडे गेल्या पावसाळ्यात हेच झालं. मामींच्या गुडघ्याचा एमआरआय झाला होता, फिल्मबरोबर सीडी मिळाली होती आणि पुण्याच्या डॉक्टरांनी सीडीतल्या फाइल मागितल्या होत्या. शिवाय मामांना मामेभावाच्या मुंजीच्या तीन व्हीसीडी उतरवून घ्यायच्या होत्या, २००४ सालच्या. पीसी मीच जुळवून दिलेला. कॅबिनेट समोरून पूर्ण जाळीचं, तीन पंखे, वारा उत्तम, पण ५.२५ इंची बे, म्हणजे पूर्ण आकाराचा ड्राइव्ह बसवायचा खण, एकही नाही. घेताना मी मामांना 'जुन्या सीडी आहेत का' हे विचारलंच नव्हतं, ती चूक माझी. मी पोहोचलो तोवर त्यांनी दुकानात जाऊन ड्राइव्ह एकदा बदलूनही आणला होता.

आधी एवढंच ठरवा

उपाय शोधण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवा: ड्राइव्ह गायब होतो, की ड्राइव्ह जागेवर असतो आणि फक्त डिस्क वाचली जात नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण लोक दोन्हींना 'सीडी चालत नाही' असंच म्हणतात.

डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यातलं डीव्हीडी ड्राइव्हचं शीर्षक उघडून ठेवा आणि मग सीडी आत टाका. सीडी फिरायला लागली की ड्राइव्हचं नावच यादीतून पुसलं जात असेल, तर वीज किंवा केबल. नाव जागेवर राहून 'ड्राइव्हमध्ये डिस्क घाला' असा निरोप येत असेल, तर डिस्क किंवा लेसर. शंका राहिली तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग बघा. तिथे 'सीडीरॉम' या स्रोताखाली ७ क्रमांकाची नोंद दिसली तर तिचा अर्थ डिस्कवरचा भाग वाचता आला नाही. ११ क्रमांकाची नोंद कंट्रोलरच्या त्रुटीची असते, ती दिसली की मी आधी केबल बदलून बघतो.

मामांकडे नावच पुसलं जात होतं. म्हणजे दुकानात फेरी मारून काही होणार नव्हतं.

वीज कुठे कमी पडते

लॅपटॉपसारखा चपटा एक्सटर्नल ड्राइव्ह सगळी वीज यूएसबीतूनच घेतो. यूएसबी २.० चा पोर्ट ठरल्याप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० चा ९०० मिलिअँपिअर. आता ड्राइव्ह उलटा करून खालचं लेबल वाचा. ५ व्होल्टच्या पुढे बहुतेक वेळा १ अँपिअरच्या वरचाच आकडा असतो. तो सतत लागत नाही; मोटर जागची हलवताना आणि डिस्क बर्न करताना लागतो. त्यामुळे ड्राइव्ह रिकामा असताना छान दिसतो, सीडी फिरायला लागली की मान टाकतो. मोटरने ओढ घेतली की व्होल्टेज खाली येतं, ड्राइव्हमधली चिप रीसेट होते आणि विंडोजला वाटतं कोणीतरी केबल उपटली.

यात कॅबिनेटच्या समोरच्या पोर्टांची भर पडते. ते थेट मदरबोर्डवर नसतात. आतून हातभर वायर जाऊन बोर्डावरच्या हेडरला, म्हणजे पिनांच्या जोडणीला, लागलेली असते. स्वस्त कॅबिनेटमध्ये ही वायर बारीक असते आणि प्रत्येक सांध्यावर थोडं थोडं व्होल्टेज हरवतं. वर कोणी एक्स्टेन्शन केबल लावली असेल तर आणखी. आणि बिनअडॅप्टरचा हब असेल तर विषयच संपला, कारण एका पोर्टच्या विजेत तो चार पोर्ट भागवत असतो.

मामांनी ड्राइव्ह समोरच्या पोर्टला, तोही एक मीटरची एक्स्टेन्शन लावून जोडला होता, कारण सीपीयू टेबलाखाली होता आणि मामींना वाकायला नको म्हणून ड्राइव्ह वर हवा होता. मी सीपीयू बाहेर ओढला, एक्स्टेन्शन काढून टाकली आणि ड्राइव्ह त्याच्या स्वतःच्या आखूड केबलने मागच्या निळ्या पोर्टला लावला. एमआरआयची सीडी पहिल्या झटक्यात उघडली. फोल्डर जसंच्या तसं कॉपी केलं. वैद्यकीय सीडीबद्दल एक सांगतो: त्यातली चित्रं डायकॉम (वैद्यकीय चित्रांसाठीच्या खास प्रकारच्या) फाइल असतात आणि सोबत बघण्याचा प्रोग्रॅम दिलेला असतो. एखाददुसरी फाइल उचलू नका, अख्खी सीडी कॉपी करून तिची झिप पाठवा, म्हणजे डॉक्टरांकडे सगळी मालिका क्रमाने उघडते.

मागच्या पोर्टवरही तसंच होत असेल तर दोन तोंडांची यूएसबी केबल घ्या, एक तोंड डेटा आणि विजेसाठी, दुसरं नुसत्या विजेसाठी. दोन्ही तोंडं मागच्याच पोर्टांना लावा. किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. त्याआधी फुकटातला एक उपाय करून बघायला हरकत नाही: पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. सीडी न फिरवता नुसतं बसून राहिल्यावर ड्राइव्ह जात असेल, तर त्याचं कारण बऱ्याचदा हेच निघतं.

वीज नीट असूनही ड्राइव्ह डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसह दिसतो आणि 'धिस पीसी'मध्ये येतच नाही, असाही प्रकार आहे. सीडी बर्न करण्याचे जुने प्रोग्रॅम टाकले-काढले की रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' अशा नोंदी मागे राहतात आणि ड्रायव्हर अडकतो. रजिस्ट्रीतल्या 'क्लास' विभागात ४डी३६ई९६५ ने सुरू होणाऱ्या लांबलचक किल्लीखाली या दोन नोंदी असतील तर त्या काढून पीसी रीस्टार्ट करा. आधी रिस्टोअर पॉइंट घ्याच, आणि शेजारच्या किल्लीला हात लावू नका. जुना बर्निंग प्रोग्रॅम त्यानंतर चालेनासा झाला तर तो पुन्हा टाकावा लागतो.

इंटर्नल लावला तरी दिसत नाही

ज्यांच्या कॅबिनेटमध्ये बे आहे ते साटाचा, म्हणजे मदरबोर्डला आतून केबलने जोडायचा ड्राइव्ह लावतात, आणि तो बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसत नाही. नव्या बोर्डांवर याचं नेहमीचं कारण एम.२ एसएसडी, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी चपटी पट्टी. अनेक मदरबोर्डांवर एम.२ चा एखादा स्लॉट आणि साटाचे एक-दोन पोर्ट एकाच वाटेवर असतात. त्या स्लॉटमध्ये एसएसडी बसवला की ते पोर्ट बंद होतात. कोणता स्लॉट कोणते पोर्ट बंद करतो ते बोर्डागणिक वेगळं असतं, पण मॅन्युअलमध्ये तक्त्यात लिहिलेलं असतं. केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा, बहुतेकदा काम तिथेच होतं.

विजेच्या वायरबद्दल मात्र जरा थांबून वाचा, कारण इथे नुकसान कायमचं होतं. मॉड्युलर एसएमपीएसची (सुट्या केबली असलेल्या पॉवर सप्लायची) साटा केबल हरवली म्हणून दुसऱ्या कुठल्या एसएमपीएसची केबल लावू नका. ड्राइव्हकडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडचं नसतं. पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचाही वेगळा. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह तर जातोच, त्याच केबलवरची हार्ड डिस्कही जाते. आणि चार पिनांच्या जुन्या प्लगवरून साटा करणारं अडॅप्टर घ्यायचं असेल तर ज्यात वायर दाबून बसवलेल्या दिसतात ते घ्या. अखंड ओतीव प्लास्टिकचं नको, त्यात आतल्या वायरी एकमेकींना टेकून जळाल्याचे प्रकार झालेले आहेत.

ड्राइव्ह ठीक, डिस्क वाचत नाही

आता दुसरं दुखणं. मामांच्या एमआरआयचं काम झालं, पण मुंजीच्या तीन व्हीसीडींपैकी पहिली उघडली, दुसरी अडखळत उघडली आणि तिसरीवर ड्राइव्ह तीनदा घुर्र करून गप्प बसला. ड्राइव्हचं नाव यादीत शाबूत. म्हणजे आता प्रश्न डिस्कचा.

इथे आधी कंपनीची छापील डिस्क आणि घरी किंवा स्टुडिओत बर्न केलेली डिस्क, दोन्ही टाकून बघा. छापील डिस्कमध्ये खड्डे साच्याने उठवलेले असतात. बर्न केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर लेसरने भाजलेला असतो आणि तो थर उजेडाने, उष्णतेने, दमटपणाने उतरत जातो. छापील चालते आणि बर्न केलेली चालत नाही, तर दोष डिस्कच्या वयाचा. सगळ्या डीव्हीडी चालतात पण एकही सीडी चालत नाही (किंवा उलट), तर ड्राइव्हचा लेसर बघा. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन लेसर एकाच डोळ्यात असतात. एक मंदावला तरी दुसरा चालू राहतो, म्हणून ड्राइव्ह 'अर्धा' चालतो.

तिसरी व्हीसीडी मी खिडकीशी उजेडात धरली. चमकत्या बाजूला कडेपासून आत आलेली धुरकट नक्षी, पानाच्या शिरांसारखी. कोकणात चार महिने कपाटात बंद राहिलेल्या वस्तूंवर जी बुरशी धरते तीच. बुरशी नुसती पृष्ठभागावर असेल तर निघते. साध्या पाण्यात साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसायचं ते मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. सीडीवरची माहिती गोल वाटेवर लिहिलेली असते. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडासाच भाग खातो आणि ड्राइव्ह तो भरून काढतो. वाटेच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र एका सलग तुकड्यावर पडतो, आणि सीडीची दुरुस्तीची ताकद सुमारे अडीच मिलिमीटर सलग नुकसानीपर्यंतच असते.

डिस्कच्या वरच्या, नाव लिहायच्या बाजूला जास्त जपा. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि तिचा माहितीचा थर खाली नसून वर, लेबलच्या अगदी खाली असतो. वरून टोकदार पेन चालवलं तर चंदेरी थरच खरवडला जातो, आणि ते दुरुस्त होत नाही. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसली तर समजा तेवढी माहिती गेली. डीव्हीडीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे तिला वरच्या ओरखड्याचं इतकं भय नाही. लग्नाच्या डीव्हीडींवर जोडप्याच्या फोटोचा कागदी स्टिकर असतो, तो एका बाजूने सुटला की डिस्क थरथरते. अर्धवट सुटलेला स्टिकर ओढून काढायला जाऊ नका, विशेषतः सीडीवरचा. चंदेरी थर सोबत येतो. सुटलेला भाग दाबून बसवा आणि शक्य तितक्या कमी वेगाने वाचा.

डिस्क स्वच्छ असून डीव्हीडी रिकामी दिसत असेल तर ती हँडीकॅमवर किंवा घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर भरलेली आहे का ते आठवा. त्या यंत्रांत शेवटी 'फायनलाइझ' (डिस्क इतर यंत्रांत वाचता येईल अशी पूर्ण) करावं लागायचं. ते राहिलं असेल तर मूळ यंत्र मिळवून फायनलाइझ करा, नाहीतर आयझोबस्टरसारख्या प्रोग्रॅमने आत काय आहे ते शोधा.

व्हीसीडीची एक खास अडचण आहे, ती ठाऊक नसल्याने लोक चांगल्या डिस्क फेकून देतात. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत दुरुस्तीसाठीचा जादा मजकूर असतो. व्हीसीडीत व्हिडिओ जास्त मावावा म्हणून तो जादा मजकूर गाळून सेक्टरमागे २३२४ बाइट भरलेले असतात. म्हणजे तेवढ्याच ओरखड्यावर डेटा सीडी वाचते आणि व्हीसीडी अडते. विंडोजमध्ये फोल्डरमधली व्हिडिओची डॅट फाइल ओढून कॉपी करायला गेलात, की पहिल्या खराब जागेला कॉपी थांबते आणि सगळंच गेलं असं वाटतं. तसं नसतं. आयझोबस्टरने त्या ट्रॅकमधला एमपेग व्हिडिओ थेट उचलता येतो, खराब सेक्टर वगळून. लिनक्स वापरत असाल तर सीडीआरडाओ या प्रोग्रॅमने आधी कच्ची प्रत काढा. डीव्हीडी आणि डेटा सीडीसाठी माझी पसंती डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमला आहे, पण व्हीसीडीला आणि गाण्यांच्या ऑडिओ सीडीला तो चालत नाही, हे लक्षात ठेवा. डीडीरेस्क्यूची मोठी सोय अशी, की कुठलं वाचलं आणि कुठलं राहिलं याची नोंद तो फाइलमध्ये ठेवतो. एका ड्राइव्हने जे वाचलं नाही ते तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर वाचायला लावता येतं. दोन ड्राइव्ह एकच डिस्क सारखी वाचत नाहीत. एकाला अडलेली जागा दुसऱ्याला सहज जाते.

मग घ्यायचा कोणता

माझं मत स्पष्ट आहे: घरात जुन्या डिस्क असतील तर पूर्ण आकाराचा, ५.२५ इंची साटा ड्राइव्ह घ्या, आणि कॅबिनेट त्याच्या नंतर निवडा. चपट्या ड्राइव्हचा ट्रे उघडून बघा: मोटर आणि लेसरचा डोळा दोन्ही ट्रेबरोबर बाहेर येतात, प्रत्येक वेळी हवेतली धूळ खातात, आणि डिस्क मधल्या तीन गोळ्यांवर दाबून बसवायची असते. पूर्ण आकाराच्या ड्राइव्हमध्ये डोळा आतच राहतो आणि वरून चुंबकाची चकती येऊन डिस्कला घट्ट धरते. किंचित वाकलेली, स्टिकर लावलेली डिस्क तिथे स्थिर फिरते. त्याची मोटर १२ व्होल्टवर चालते, त्यामुळे यूएसबीच्या अपुऱ्या विजेचा प्रश्नच येत नाही.

५.२५ इंची बे असलेली कॅबिनेट कमी झाली आहेत, पण संपलेली नाहीत. फ्रॅक्टल डिझाइनच्या पॉप एअरमध्ये खालच्या झाकणामागे दोन बे आहेत. कुठलंही कॅबिनेट घेताना बेची खोली आणि समोर लावायच्या लिक्विड कूलरच्या रेडिएटरची जागा एकमेकांत येत नाहीत ना हे बघा. ड्राइव्ह सुमारे १७ सेंटिमीटर आत जातो आणि वर केबलला बोटभर जागा लागते.

कॅबिनेट आधीच घेऊन झालं असेल तर पूर्ण आकाराचा ड्राइव्ह बाहेर ठेवूनही चालतो. १२ व्होल्टच्या अडॅप्टरसह येणारा साटा ते यूएसबी जोड घ्या, आणि त्यावर ऑप्टिकल ड्राइव्ह चालतो असं लिहिलेलं असल्याची खात्री करा. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कसाठी मिळणारी साधी केबल घेऊ नका. तिच्यात १२ व्होल्ट नसतात, ड्राइव्हचा दिवा लागेल पण मोटर फिरणार नाही. जुना पीसी भंगारात जाणार असेल तर त्यातला साटा डीव्हीडी रायटर आधी काढून ठेवा.

चपटा एक्सटर्नल वर्षातून दोनदा हॉस्पिटलची सीडी वाचायला पुरतो. त्याच्यावर डब्बाभर सीडी उतरवायला बसू नका.

ब्लू-रे ड्राइव्ह कधी घ्यावा? २५ जीबीच्या डिस्कवर फोटोंची प्रत काढून ठेवायची असेल तर जरूर. ४के ब्लू-रे सिनेमे नव्या पीसीवर बघायचे म्हणून घेत असाल तर थांबा. त्यासाठीच्या अधिकृत प्रोग्रॅमना इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षेची सोय लागायची आणि डेस्कटॉपच्या ११व्या पिढीपासून ती प्रोसेसरमध्येच नाही. एएमडीवर कधीच नव्हती. साध्या डीव्हीडी सिनेमांसाठी विंडोजमध्ये ८व्या आवृत्तीपासून सोय नाही, तिथे व्हीएलसी टाका. आणि परदेशातून डीव्हीडी आणणाऱ्यांनी किंवा इथला ड्राइव्ह तिकडे नेणाऱ्यांनी प्रदेश क्रमांक, म्हणजे कुठल्या भागातल्या डीव्हीडी चालतील ते ठरवणारा आकडा, बघावा. भारत ५, अमेरिका १. ड्राइव्हवर हा क्रमांक फक्त पाच वेळा बदलता येतो, शेवटी जो ठेवाल तो कायम राहतो.

मामांच्या माळ्यावर जुना पीसी होता. त्यातला साटा रायटर काढला, ब्लोअरने धूळ उडवली, १२ व्होल्टचा जोड लावून टेबलावर ठेवला आणि तिसरी व्हीसीडी धुऊन, पुसून त्यात घातली. तीनदा घुर्र झालं, चौथ्या वेळी ट्रॅक दिसले. आयझोबस्टर रात्रभर चालू ठेवला. सकाळी फाइल तयार होती. मातृभोजनाच्या वेळी दोन ठिकाणी चित्रात रंगीत चौकटी येतात, पण आवाज तुटत नाही, आणि 'अजून एक घास दे त्याला' हे आजीचं वाक्य पूर्ण ऐकू येतं. मामांनी ती फाइल दोन पेन ड्राइव्हवर घेतली, एक स्वतःकडे ठेवला आणि एक मामेभावाला कुरिअरने पाठवला.